गाडीतलं वजन

लग्नाला चार महिने झाले होते. एका सकाळी माझा नवरा मला घरामागच्या गोदामात घेऊन गेला आणि म्हणाला, "काट्यावर उभी राहा."

भंगार सळया तोलायचा तो मोठा लोखंडी काटा होता. दोन हमाल तिथे तारेची भेंडोळी उचलत होते, ते थांबून बघायला लागले. मला वाटलं, काहीतरी गंमत असेल. नवी नवरी होते, हसत हसत फळीवर चढले.

"चप्पल काढ."

चप्पल काढली. थोरल्या हमालाने दांडीवरचं वजन सरकवलं आणि सळयांच्या भाऱ्याचं वजन ओरडायचा त्याच सुरात ओरडला, "बेचाळीस!"

"हलकी आहेस," नवरा म्हणाला. "पण चालेल. वजन सारखं राहिलं म्हणजे झालं." मग हमालांकडे वळून म्हणाला, "आजपासून ही माझी गोणी." धाकटा हमाल फिसकन हसला. मीही हसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

माझं माहेर काष्टीचं. घरची बागायत होती, वडिलांनी मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं होतं. सासरे नगरचे कंत्राटदार, रस्त्यांची आणि बंधाऱ्यांची कामं घेणारे. दारात चार ट्रक. एकुलता एक मुलगा पुण्याला इंजिनिअरिंग शिकायला गेला होता आणि तिसऱ्या वर्षी सोडून परत आला होता. सासऱ्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. "त्याला कुटं नोकरी करायचीय," एवढंच ते म्हणत. माझ्या लग्नाच्या बोलण्यांत तर शिक्षणाचा विषय फार निघालाच नाही. विषय निघाला तो गाडीचा.

नगरला लष्कराचा तळ आहे. तिथल्या एका अधिकाऱ्याची बदली झाली, तेव्हा त्याने आपली इंग्रजी बनावटीची गाडी विकायला काढली आणि सासऱ्यांनी ती मुलाला घेऊन दिली. दोनच माणसांची, काळपट हिरवी, वर कापडी टप, आणि इतकी बुटकी की शेजारून बैलगाडी गेली तर बैलाचं तोंड आपल्या डोक्याच्या वर यायचं. नगरमध्ये तशी दुसरी नव्हती. काष्टीच्या बाजारात ती पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या मैत्रिणी मला चिमटे काढत होत्या. "लई नशिबाची गं बाई तू, मोटारीतून फिरशील."

फिरले. पुढचं सगळं वर्ष मी त्या मोटारीतून फिरले.

नवऱ्याची गाडीबद्दल एक तक्रार होती. जोरात वळण घेतलं की ती बाहेरच्या अंगाला कलायची. रोजच्या रस्त्यावर चालवणाऱ्या दुसऱ्या कुणाला ते जाणवलंही नसतं, पण त्याला ते सहन होत नसे. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्याने वाचलं होतं की, शर्यतीच्या गाड्यांना समोरची दोन्ही चाकं जोडणारा जाड पोलादी बार बसवतात, म्हणजे गाडी वळणावर ताठ राहते. आमच्या गाडीला असा बार होता, पण बारीक होता. त्याला जाड हवा होता.

हे त्याने मला स्वयंपाकघरात समजावून सांगितलं होतं. माझ्या हातातलं लाटणं घेऊन त्याची दोन टोकं त्याने माझ्या दोन्ही मुठींत दिली आणि म्हणाला, "आता एकच हात वर कर." मी उजवा हात उचलला, तसा डावाही ओढला गेला. "बघ! एक चाक उचललं की दुसरंही उचललं जाणार. मग गाडी कलणार कशी? जितकं लाटणं जाड, तितकी गाडी ताठ." त्याचे डोळे चमकत होते, कपाळावर पिठाचं बोट लागलं होतं. त्या क्षणी तो मला फार आवडला. माझ्याशी इतका वेळ तो त्याआधी बोलला नव्हता, आणि त्यानंतरही कधी बोलला नाही.

स्टेशनजवळ ट्रकचे पाटे ठोकणारा एक लोहार होता. लष्कराच्या भंगारातून मिळालेली एक पोलादी कांब नवऱ्याने त्याच्याकडून तापवून, वाकवून घेतली. पुढच्या स्प्रिंगा बदलून कडक घातल्या, गाडी आणखी बुटकी केली, शॉकअप नवे टाकले. या सगळ्यात दोन महिने गेले. गाडी तयार होऊन अंगणात आली तेव्हा दगडासारखी झाली होती. नगरच्या रस्त्यावरचा एकेक खड्डा पाठीच्या कण्यातून दातांपर्यंत यायचा. सासरे एकदाच बसले, कोपऱ्यावरच उतरले आणि म्हणाले, "ह्यापरीस आमचा ट्रक बरा."

मग चाचण्या सुरू झाल्या, आणि त्यासाठी मी हवी होते. नुसता चालवणारा असून भागत नाही, शेजारची जागाही भरलेली पाहिजे. मित्रांपैकी कधी हा येणार, कधी तो, प्रत्येकाचं वजन निराळं. मी रोज घरातच असायची आणि नाही म्हणायची नाही.

नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजीचा घाट लागतो. तिथे आम्ही सकाळी जायचो. माझ्या मांडीवर एक ताटली, ताटलीत स्टीलचा पेला, पेल्यात काठोकाठ पाणी. वळण संपल्यावर पेल्यात किती उरलं त्यावरून गाडी किती कलली ते तो ठरवायचा. कोपरं पोटाशी घट्ट धरायची, पेला हाताने सावरायचा नाही, अंग आखडायचं नाही आणि ढिलंही सोडायचं नाही. पाणी जास्त सांडलं तर चूक गाडीची नसायची.

"तू कमरेतून हललीस."

"नाही हो. वळणच तसं होतं."

"मी बघत होतो. हललीस. परत."

परत पेला भरायचा, परत घाट उतरायचा. पाणी नेहमी माझ्याच अंगावर सांडायचं. परतताना बाजारातल्या एका हॉटेलासमोर तो चहाला थांबायचा. त्याचे मित्र गाडीभोवती जमायचे आणि मी भिजलेल्या मांडीवर पदर ओढून बसून राहायची. एकदा त्यातला एक जण वाकून म्हणाला, "काय रे, वहिनींना घाट सोसत नाही वाटतं?" सगळे हसले. नवरा इतका हसला की त्याच्या हातातला चहा बशीत सांडला.

घरी आल्यावर मी सासूबाईंना सांगितलं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मारतो का?"

"नाही."

"उपाशी ठिवतो?"

"नाही, आत्याबाई."

"मग कशाला रडतीस? गाडीत बसवतोय, नांगराला न्हाई जुपलं." आणि थोड्या वेळाने, सुपातला खडा उचलून फेकत म्हणाल्या, "माझ्याबरुबर नवरा पैली पाच वर्सं शबुद बोलला न्हाई. तुला निदान हल, हलू नको म्हणतो तरी."

तो बहात्तरचा दुष्काळ होता. पाथर्डीच्या बाजूला विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि रस्त्यांवर दुष्काळी कामं निघाली होती. घाटाच्या कडेने बायका खडी फोडायला बसायच्या. डोक्यावर ओली करायलाही पाणी नसलेली फडकी, हातात हातोडी, समोर दगडाची रास. आमची गाडी घाटातून दिवसाकाठी सात-आठ वेळा वर-खाली जायची आणि प्रत्येक वेळी त्यांच्यावर धूळ उडायची. सुरुवातीला त्या उठून बघायच्या. नंतर नुसतं तोंडावर फडकं ओढून घ्यायच्या.

एक दिवस वळण संपल्यावर नवऱ्याने गाडी बरोबर त्यांच्यासमोर उभी केली आणि माझ्या मांडीवरचा पेला बघायला वाकला. अर्धा सांडला होता. त्याने तोंड वाकडं केलं, उरलेलं पाणी रस्त्यावर ओतलं आणि मागच्या डब्यातून पेला पुन्हा भरायला लागला.

कडेची एक म्हातारी बाई उठून आली. रस्त्यावरच्या ओल्या डागाकडे बघत म्हणाली, "मालक, सांडायलाच आनलंय व्हय पानी?"

तो पेला भरतच राहिला.

"सांडायचंच आसंल तर आमाला द्या. टँकर काल बी न्हाई आला."

"अजून चार फेऱ्या आहेत," तो म्हणाला. "पाणी लागतं."

त्याने भरून ताटलीत ठेवलेला पेला मी म्हातारीपुढे धरला. विचार करून केलं असं नाही, हात पुढे गेला. तिने तो घेतला आणि घटाघटा एका दमात रिकामा केला. तिच्या मागे एक पोरसवदा मुलगी येऊन उभी राहिली होती, ओठांना भेगा पडलेली. ती हात पुढे करत होती. म्हातारीने तिच्याकडे बघितलंही नाही. पेला उलटा करून शेवटचा थेंब जिभेवर घेतला आणि मग माझ्या हातात परत दिला.

"उतर," नवरा म्हणाला.

"अहो..."

"एवढी दया येतेय तर उतर ना. बस त्यांच्यात."

मी उतरले. तो गाडी घेऊन खाली गेला. पाण्याचा डबा गाडीतच होता.

उन्हात उभी राहून थकले तेव्हा मी दगडाच्या राशीजवळ जाऊन बसले. वाटलं होतं, या बायका तरी दोन शब्द बोलतील. एकीने माझ्या ओल्या पातळाकडे बोट दाखवलं आणि काहीतरी म्हणाली, बाकीच्या खिदळल्या. दुसरीने हातोडी माझ्यापुढे टाकली. "फोडा की बाईसाहेब. रिकामं बसल्याली मुकादमाला चालत न्हाई." मी खरंच दोन-चार दगड फोडायचा प्रयत्न केला. बोट चेचलं. त्या आणखी हसल्या. भेगाळ ओठांची मुलगी सर्वांत जास्त हसली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो परत आला. "बस," म्हणाला. मी बसले. माझ्या बोटाचं रक्त ताटलीला लागलं, तर त्याने ताटली पुसून घ्यायला सांगितलं.

त्या दिवसानंतर मी हलायचं बंद केलं. कमरेतून नाही, मानेतून नाही. पेल्याकडे बघायची आणि मनात काहीच आणायची नाही. पाणी कमी सांडायला लागलं. त्याला वाटलं, बार चांगला बसला.

पण काही आठवड्यांनी पाणी परत जास्त सांडू लागलं. मला सकाळी मळमळायचं, घाटात एकदा गाडी थांबवून कडेला ओकावंही लागलं. तो स्टेअरिंगवर बोटं वाजवत बसून राहिला. मला कळलं होतं काय आहे ते, पण मी कुणाला बोलले नव्हते. आखाडात माहेरी जाईन तेव्हा आईला आधी सांगायचं असं मी मनात ठरवलं होतं. या घरात पहिल्यांदा एखादी गोष्ट फक्त माझी होती.

त्याने मला परत काट्यावर उभं केलं.

"शेहेचाळीस," थोरला हमाल म्हणाला. या वेळी ओरडला नाही.

"चार किलो?" नवरा माझ्याकडे वळला. "काय खातेस तू? म्हणूनच आकडे जुळत नव्हते. मी तिकडे स्प्रिंगा बदलत बसलोय आणि तू इकडे खातेस!"

मी खाली बघत उभी राहिले. थोरल्या हमालाला घरी पाच मुलं होती. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवून म्हणाला, "मालक, वैनीसायबास्नी आता गाडीत नका न्हेऊ."

"का?"

"घरात इचारा, मालक."

नवऱ्याला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा तो काट्याच्या दांडीकडे बघत म्हणाला, "म्हणजे हे आता वाढतच जाणार."

आत्याबाईंनी त्या संध्याकाळी माझी ओटी भरली आणि मुलाला बजावलं की, सुनेला गाडीत न्यायचं नाही. आईला सांगायची माझी बातमी गोदामातून आधीच साऱ्या गल्लीत गेली होती.

माझ्या जागी त्याने वाळूची गोणी ठेवली. हमालांनी ती बेचाळीस किलोची तोलून भरली. चार दिवसांनी जेवायला बसला असताना तो वडिलांना म्हणाला, "गोणी बरी. कमरेतून हलत नाही, ओकत नाही." सासरे हसले. मी वाढत होते. एक थेंब न सांडता मी त्याच्या ताटात भाजी वाढली, हे मला आजही आठवतं.

गाडीचं दुखणं मात्र आता निराळंच झालं होतं. पुढचा बार जाड झाल्यापासून ती कलायची कमी, पण जोरात वळवली की तोंड वळायचं नाही, सरळ बाहेर जायला बघायची. हॉटेलातला तोच मित्र म्हणाला, मागच्या चाकांनाही बार टाक, मग तोंड वळेल. नवऱ्याने लोहाराकडून दुसरी कांब वाकवून घेतली, पहिलीपेक्षाही जाड. ती बसवली त्या संध्याकाळी तो गाडीखालून बाहेर आला तो लहान मुलासारखा नाचत. "आता बघ," मला म्हणाला. मी बघत होतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोणी घेऊन घाटात गेला. पुढचं मी बघितलेलं नाही. आमच्याच एका ट्रकचा ड्रायव्हर मागून येत होता, त्याने सांगितलं. डाव्या वळणावर तोंड वळलं, नको तितकं वळलं. मागची बाजू निसटली आणि भिंगरीसारखी फिरली. गोणी बांधलेली नव्हती. ती सीटवरून उजवीकडे सरकली आणि सगळी त्याच्या हातांवर, स्टेअरिंगवर आली. गाडी आडवी होत कडेच्या खडीच्या राशीत घुसली आणि कुशीवर पडली. खडी फोडणाऱ्या बायकांनीच त्याला ओढून बाहेर काढलं. मनगटावरचं घड्याळ परत मिळालं नाही. पाण्याचा डबाही.

मांडीचं हाड मोडलं होतं. नगरच्या दवाखान्यात त्याला खाटेवर उताणा ठेवला होता, पायाला दोरी बांधून दोरीच्या टोकाला विटा टांगल्या होत्या. हलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आत्याबाई उशाशी बसून पंख्याने वारा घालत होत्या. मी खोलीत आले तशा त्या माझ्यावर धावून आल्या.

"तू बसली आसतीस तर त्यानं एवढी जोरात हाणली नसती!"

"आत्याबाई, तुम्हीच नको म्हणाला होतात."

"मी म्हणलं म्हणून काय झालं? तुला न्हाई कळत? नवऱ्यामागं जायचं का सासूमागं?" आणि मग पंखा आपटून त्या रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. पोटातलं मूल त्या दिवशी पहिल्यांदा हललं, आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही.

सासऱ्यांनी मोडकी गाडी ट्रकमध्ये घालून गोदामात आणून टाकली होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नवऱ्याला नीट शुद्ध आली तेव्हा त्याने पाणी मागितलं नाही, की मूल कसं आहे ते विचारलं नाही. मला जवळ बोलावून म्हणाला, "गोदामात जा. मागचा बार तुटलाय का बघ. वाकवलेल्या जागेपाशी बघ. त्या लोहाराने नीट तापवला नसणार. तुटला असणार, म्हणून गाडी फिरली."

मी निघाले तशा आत्याबाई दारापर्यंत आल्या. "काय बी दिसू दे," दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुटला म्हणून सांग. त्याला बरं वाटंल."

गोदामात थोरल्या हमालाने गाडीचं मागचं अंग पहारीने उचलून धरलं. मी पोट सांभाळत गुडघ्यावर बसले आणि खाली वाकून बघितलं. पत्रा चुरगळला होता, एक चाक निखळलं होतं. बार मात्र जसाच्या तसा होता. मी वाकवलेल्या दोन्ही जागांवरून बोट फिरवलं. साधी चीरही नव्हती. ग्रीस लागून बोट काळं झालं. लोहाराने काम चोख केलं होतं.

दवाखान्यात परत गेले. तो छताकडे बघत पडला होता. पावलांचा आवाज ऐकून म्हणाला, "तुटलाय ना?"

आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हणाले. "शाबूत आहे."

"नीट बघितलंस?"

"बोट फिरवून बघितलं."

"वाकवलेल्या जागेपाशी?"

"दोन्हीकडे. केसाएवढीही चीर नाही."

त्याचा चेहरा हळूहळू बदलला. मी तो बदलताना बघितला, सगळा, मान न वळवता. बार शाबूत म्हणजे गाडी फिरली ती त्याने घातलेल्या त्या जाड बारामुळेच, आणि माझ्याशिवाय त्या घरात कुणाला हा अर्थ कळणं शक्य नव्हतं. लाटणं माझ्या मुठीत देऊन त्याने तो मलाच समजावला होता. आत्याबाई घाईने म्हणाल्या, "अरं, तिला काय कळतंय लोखंडातलं." दुसऱ्या दिवशी त्याने परत विचारलं, मी परत तेच सांगितलं. मग त्याने हॉटेलातल्या त्या मित्राला गोदामात पाठवलं. मित्र आला आणि म्हणाला, "तुटलाय रे, मोठी चीर आहे." नवऱ्याने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचा विश्वास कुणावर बसला ते मला दिसलं. मला फार बरं वाटलं. आत्ता लिहितानाही बरं वाटतंय, खोटं कशाला सांगू.

सातवा महिना लागला तेव्हा वडील मला काष्टीला घेऊन गेले. मुलगी झाली. परत आले तोवर गाडी भंगारात गेली होती आणि नवरा काठी टेकत बापाच्या कंत्राटांकडे बघायला लागला होता. पुढे तो चांगला कंत्राटदार झाला, जीपमधून फिरायचा. पाय आखूड राहिला तो राहिलाच. आम्ही पस्तीस वर्षं एका घरात काढली. भांडण असं कधी झालं नाही. जीपमध्ये मी मागे बसायची, मुलीला घेऊन, आणि त्याने कधी पुढे ये म्हटलं नाही.